शिफारसपत्रात काय लिहावे?

अमेरिकेत जैवसंख्याशास्त्र शिकू पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीसाठी मी शिफारसपत्र लिहिले : ‘मेहनती, नम्र, सुस्वभावी.’ आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मीच पहिला. मला तरी असले पत्र कोणी दाखवले होते?

तेथील विभाग नम्रता मोजत नाहीत. पीएच.डी.च्या अर्जदाराला कॅल्क्युलस, रेषीय बीजगणित येते काय, संभाव्यतेतील प्रमेय स्वतः सिद्ध करता येते काय, संगणकावर आकडेवारी हाताळली आहे काय, हे ते पाहतात. ते प्रसंगासह लिहावे. बहुधा तीन पत्रे लागतात आणि मुदत डिसेंबरच्या सुमारास संपते. म्हणून प्राध्यापक वर्षभर आधी गाठावेत. (आपली मुले प्राध्यापकांच्या खोलीत शिरायला बिचकतात. दार आपण उघडे ठेवावे.)

पीएच.डी.ला अनेक विभाग शुल्क माफ करून अध्यापन वा संशोधनाच्या कामाबद्दल वेतन देतात, एम.एस.चा खर्च मात्र बहुधा स्वतःच करावा लागतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना दोहोंसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती मागता येते. अर्जाची फीसुद्धा कित्येक विद्यापीठे माफ करतात, पण मुदतीपूर्वी मागितली तर.

ते पत्र मी फाडून नव्याने लिहिले. न्यूनतम वर्ग पद्धत शिकवताना फळ्यावर झालेली माझी चूक तिने भर वर्गात दाखवली होती, तेथून सुरुवात केली.