घरातली उबवण, लेखांक ४ : गाडीने आलेली अंडी

किराणा दुकानातल्या अंड्यातून पिल्लू का निघत नाही, ते मागच्या लेखात पाहिलं. लेअर फार्मवर कोंबडाच नसतो, मग अंड्यात गर्भ येणार कुठून? म्हणजे उबवणीचं यंत्र मुंबईत काळाचौकीतल्या खोलीत असलं तरी अंडी बाहेरूनच आणावी लागणार. इथे बहुतेकांचं गाव कोकणात नाहीतर घाटावर, त्यामुळे वाट ठरलेली. कणकवली-सावंतवाडीकडून रात्रीची ट्रॅव्हल्स निघते, कुणाच्या तरी हाती खोका दिला जातो, आत भाताच्या तुसात दडवलेली अंडी, आणि सकाळी तो खोका परळ-लालबागला उतरतो. कडकनाथची अंडी मात्र बरेचजण कुरिअरने मागवतात. हा पक्षी मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. कोंबडी काळी, मांस काळं, पण अंडं फिकट बदामी. कुणी काळ्या अंड्याचा फोटो दाखवून भाव सांगितला, तर पैसे खिशातच ठेवावेत.

गावात कोंबडी रवणीवर बसत असताना मुंबईत हा खटाटोप कशाला, असं कुणीही विचारेल. एक तर कोंबडी आपल्या सोयीने खुडूक होत नाही. दुसरं, गिरिराज, वनराज या सुधारित जाती अंड्यांवर बसायचं जवळजवळ विसरल्यात. तिसरं कारण विजेचं. पावसाळ्यात गावची लाइट एकदा गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. इथे बेस्टची वीज सहसा जात नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्खी मुंबई बंद पडली होती, पण तो दिवस लोकांच्या लक्षात राहिला तो अपवाद म्हणूनच.

तर खोका उघडला. फुटलेली अंडी दिसतात, ती बाजूला काढता येतात. घोळ असतो तो न फुटलेल्यांत. अंडं कोंबडीच्या पोटातून बाहेर येतं तेव्हा ते तिच्या अंगाइतकं, म्हणजे साधारण ४१ अंश गरम असतं. बाहेर येऊन निवतं तसा आतला ऐवज आकसतो, टरफलाच्या बारीक छिद्रांतून हवा आत ओढली जाते आणि रुंद टोकाशी दोन पापुद्र्यांच्या मधे साठते. ही हवेची पोकळी म्हणजे पिल्लाची पुढची शिदोरी, कारण बाहेर पडायच्या आदल्या दिवशी ते पहिला श्वास तिथेच घेतं. रात्रभर खड्ड्यांतून आदळत आलेल्या अंड्यात नेमका हाच आतला पापुद्रा सुटतो. बलकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या पीळदार दोऱ्याही ताणल्या जातात.

हे तपासायला मोबाइलचा टॉर्च पुरतो. खोलीत अंधार करायचा, रुंद टोक टॉर्चवर टेकवायचं आणि अंडं हळूच कलतं करायचं. पोकळीची कड जागच्या जागी राहिली, तर अंडं धड आलं. कड डगमगली, एका बाजूला घोड्याच्या खोगिरासारखी उतरली, तर पापुद्रा सैल झालाय. आणि पोकळीच सुटी होऊन अंड्यात इकडून तिकडे फिरायला लागली, तर आशा कमी. पण टाकून द्यायचं नाही. कड जिथे असेल तिथे टरफलावर पेन्सिलीने रेघ मारावी. स्केचपेन नको, शाई छिद्रांतून आत जाते.

अंडी आल्याआल्या यंत्रात टाकायची घाई बहुतेकांना होते. ती टाळा. रुंद टोक वर ठेवून बारा ते चोवीस तास ती नुसती उभी ठेवायची, म्हणजे सैल झालेलं बरंचसं परत जागेवर बसतं. ट्रॅव्हल्स एसी असेल तर आणखी एक भानगड होते. गार अंडं मुंबईच्या दमट हवेत आलं की त्याला घाम सुटतो, आणि त्या ओलीबरोबर जंतू छिद्रांतून आत शिरतात. फडक्याने पुसू नका, धुवायचं तर नावही काढू नका, पंख्याखाली आपोआप वाळू द्या. चोवीस तासांपेक्षा जास्त मात्र अशी ठेवू नका. वीस-एकवीस अंशांच्या खाली गर्भाची वाढ थांबते, आणि थांबलेली वाढ पुढे नीट सुरू होते. एप्रिल-मेमध्ये आपल्या खोलीत तीस अंश असतात. तिथे ती धड थांबतही नाही, धड चालतही नाही, आणि असा अर्धवट वाढलेला गर्भ मग यंत्रात गेल्यावर दोन-तीन दिवसांत मरतो. फ्रीज हा त्यावर उपाय नव्हे. त्यातली चार-पाच अंशांची थंडी गर्भ मारते.

यंत्रात ठेवताना आपोआप गोल फिरवणारे रूळ पहिले दोन-तीन दिवस बंद ठेवावेत. अंडेवाल्याकडचा पुठ्ठ्याचा ट्रे कापून त्यात अंडी उभीच बसवायची. नंतर ट्रेची एक बाजू उचलून पंचेचाळीस अंशांपर्यंत कलती करायची, काही तासांनी दुसरी. दिवसातून तीन वेळा तरी हे व्हायला हवं, अठराव्या दिवसापर्यंत.

आता पाणी. यंत्राबरोबर येणारं माहितीपत्रक बहुधा कुठल्यातरी थंड, कोरड्या मुलखासाठी लिहिलेलं असतं. त्यात ठळक अक्षरांत सूचना असते, पहिल्या दिवसापासून तळातल्या पाण्याच्या दोन्ही पन्हळी भरा. काळाचौकीत जुलैत ही सूचना पाळली, तर पिल्लं मारायची सोयच होते. हिशेब करून बघा. बाहेर २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता आहे. हीच हवा यंत्रात जाऊन ३७.५ अंशांना तापली, की तिची आर्द्रता ४७ टक्क्यांच्या आसपास येते, कारण गरम हवेची पाणी धरायची ताकद जास्त. पहिल्या अठरा दिवसांना हवी असते ४५ ते ५५. म्हणजे पन्हळीत थेंबही न घालता आपलं काम झालेलं असतं! डिसेंबरात मात्र बाहेर २५ अंश आणि ५५ टक्के असेल, तर आत जेमतेम २७ उरते. तेव्हा एक पन्हळ भरा.

जास्त पाणी वाईट का? अंड्याने अठरा दिवसांत आपल्या वजनाच्या सुमारे बारा टक्के पाणी गमवायला हवं. तेवढ्याने हवेची पोकळी मोठी होते. पंचेचाळीस ग्रॅमचं गावठी अंडं पाचेक ग्रॅमने हलकं व्हायला हवं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा असेल, तर आर्द्रतेच्या काट्यापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा. वजन उतरलंच नाही, तर पोकळी लहान राहते, आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू ऐन वेळी आतल्या आत गुदमरतं.

तापमानाचं थोडक्यात. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश. यंत्राच्या आकड्यावर न विसंबता शेजारी तापाचा डिजिटल थर्मामीटर ठेवून ताडून पाहा. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारोंनी अंडी उबवणारे कारागीर अंडं पापणीला लावून ऊब जोखत. आपली पापणी तेवढी तयार नाही. वीज गेलीच तर यंत्रावर गोधडी टाका. काही तासांचा गारवा गर्भ सोसतो, चाळीस अंशांचा उकाडा सोसत नाही.

सातव्या दिवशी पुन्हा टॉर्च. मधोमध काळा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरा, तो ठिपका मधूनच हलतो. घरातली पोरं हे बघायला रांग लावतात. नुसतं पिवळट उजेड सोडणारं अंडं रिकामं. शिरांऐवजी एकच लाल कडं दिसलं, तर गर्भ मेलाय. ते काढा, नाहीतर यंत्रात फुटून घरभर वास सुटेल. अठराव्या दिवशी हलवणं बंद, आर्द्रता ६५ ते ७०, झाकणही बंद. विसाव्या दिवशी टरफलाच्या आतून चिवचिव ऐकू येते. पहिला टवका उडाल्यावर पिल्लू बारा-बारा तास, कधी त्याहून जास्त वेळ गप्प असतं. या काळात ते पोटात बलक ओढून घेत असतं आणि शिरांतलं रक्त परत घेत असतं. दया येऊन टरफल सोलणारा त्या शिराच तोडतो. बाहेर आलेलं पिल्लू अंग वाळेपर्यंत आतच राहू द्या. पोटातल्या बलकावर ते दोन दिवस सहज काढतं. एकदिवशी पिल्लं दूरदूर पाठवता येतात, ती याच बळावर.

गाडीने आलेल्या डझनातून सहा निघाली, तर चांगलं झालं म्हणायचं. उरलेली तेविसाव्या दिवसापर्यंत ठेवा आणि मग गच्चीवर नेऊन, नाकाला रुमाल लावून, एकेक फोडा. काम किळसवाणं आहे, पण पुढच्या खेपेला काय बदलायचं ते इथेच कळतं. गर्भ पहिल्या दोन-चार दिवसांतच मेलेला असेल, तर दोष प्रवासाचा किंवा अंडी फार दिवस साठवल्याचा. गावाला फोन करून ताजी अंडी आणि जाड तूस मागा. पुरं वाढलेलं, ओलंगच्च, फुगलेलं पिल्लू सापडलं, तर पाणी जास्त झालं. टवका पाडून पापुद्र्यात घट्ट आवळून मेलेलं असेल, तर शेवटच्या दिवसांत कुणीतरी झाकण उघडत होतं.

पुढच्या आठवड्यात : पिल्लांची ऊब, आणि एलईडी दिव्यांच्या जमान्यात साठ वॉटचा पिवळा बल्ब कुठून आणायचा.