कंपनाचा माग

दूरच्या प्रवासासाठी म्हणून घेतलेली नवी मोटारसायकल शहरातील रस्त्यांवर निर्दोष वाटते. सिग्नल, गर्दी आणि गतिरोधक यांमुळे ती तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या पलीकडे फारशी जातच नाही. मग एके दिवशी ती महामार्गावर येते, काटा 70 च्या पुढे सरकतो आणि हँडलमध्ये काहीतरी जाणवू लागते. आरशात दिसणारा मागचा ट्रक धूसर होतो. तासाभराने बोटांना मुंग्या येतात. मालक गाडी सेवाकेंद्रात नेतो आणि सांगतो, "गाडी व्हायब्रेट होते." कारागीर आवारात एक फेरी मारून येतो आणि म्हणतो, "काही नाही, नवी गाडी आहे, होईल सवय." दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. परंतु ताशी 20 किलोमीटर वेगाने फिरवलेल्या गाडीत 80 च्या वेगातला दोष दिसणार कसा? आणि 'व्हायब्रेट होते' एवढ्यावरून कारागिराने तरी नेमके काय समजावे?

कंपन हा परिणाम आहे. त्याची कारणे अनेक असू शकतात आणि ती गाडीच्या वेगवेगळ्या भागांत दडलेली असतात. ताप आला म्हणजे आजार कळला असे होत नाही, तसेच येथेही आहे. माग काढायचा तर प्रथम कंपनाचे वर्णन नेमके करता आले पाहिजे. मराठीत त्यासाठी शब्दांची वाण नाही. हात झिणझिणतो, अंग थरथरते, काच खडखडते, खिळखिळी खुर्ची डुगडुगते, पूल हादरतो. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण प्रत्येकात हालचालीचा वेग आणि आकार सामावलेला आहे. झिणझिण अतिशय जलद आणि बारीक असते, डुगडुग संथ आणि मोठी असते, तर खडखड सैल झालेल्या भागाची असते. चालकाने यांतला योग्य शब्द निवडला, तर शोधाची दिशा बरीचशी ठरून जाते.

असे का, हे साध्या गणिताने समजते. केंद्र सरकारने 2018 साली चौपदरी महामार्गांवर दुचाकींसाठी ताशी 80 किलोमीटर ही कमाल मर्यादा अधिसूचित केली. रस्त्यावरच्या पाट्यांवर अनेक ठिकाणी ती याहूनही कमी असते. म्हणून येथे 80 चाच वेग धरू. या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर अंतर कापते. मोठ्या मोटारसायकलच्या चाकाचा परीघ साधारण 2 मीटर असतो, म्हणजे चाक सेकंदाला 11 वेळा फिरते. त्याच वेळी वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 4,000 फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला सुमारे 67 होतात. सेकंदाला 11 धक्के हाताला वेगवेगळे असल्यासारखे, थरथरीच्या रूपाने कळतात. 67 धक्के मात्र एकमेकांत मिसळून जातात आणि झिणझिण्या म्हणून जाणवतात. बोटे सहजपणे जो फरक ओळखतात, तोच चाक आणि इंजिन यांच्यातला फरक असतो.

केवळ जाणिवेवर विसंबून मात्र चालत नाही. तिची परीक्षा घ्यावी लागते. त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. सरळ, मोकळा, ओळखीचा रस्ता आणि सकाळची कमी वर्दळीची वेळ पुरते.

पहिली परीक्षा गिअरची आहे. गाडी 70 किंवा 75 च्या वेगावर पाचव्या गिअरमध्ये स्थिर ठेवावी आणि कंपन लक्षात घ्यावे. मग वेग तोच राखून चौथ्या गिअरमध्ये यावे. चाकाचे फेरे आता तेवढेच आहेत, इंजिनाचे फेरे मात्र वाढले आहेत. कंपन बदलले, वाढले किंवा नाहीसे झाले, तर त्याचा धनी इंजिन आहे. ते जसेच्या तसे राहिले, तर संशय चाके, टायर आणि चेन यांच्यावर जातो. टॅकोमीटर म्हणजे फेरेमापक अनेक गाड्यांना नसतो, पण या परीक्षेला त्याची गरजही नाही.

दुसरी परीक्षा क्लचची आहे. मागे कोणी नाही याची आरशात खात्री करून त्याच वेगात क्लच दाबावा आणि थ्रॉटल सोडून द्यावा. इंजिन मंद होते, गाडी काही क्षण आपल्याच गतीने पुढे जात राहते. तरीही थरथर चालूच राहिली तर इंजिन निर्दोष ठरते. थरथर त्या क्षणी थांबली तर ती इंजिनाची असेल किंवा चेनवर पडणाऱ्या ताणाची. येथे थोडी गफलत होऊ शकते. चेन आणि तिची दोन्ही चक्रे चाकाच्याच वेगाशी बांधलेली असतात, त्यामुळे चेनचा दोष गिअरच्या परीक्षेत चाकाचा दोष म्हणून समोर येतो. थ्रॉटल देताना आणि सोडताना कंपनात फरक पडत असेल, तर प्रथम चेन तपासावी.

चाकाचा दोष एका ठरावीक वेगालाच का उमटतो, हा प्रश्न अनेकांना पडतो. 17 इंची रिमच्या कडेला केवळ 10 ग्रॅम वजन एका बाजूला जास्त झाले, तर 80 च्या वेगात ते सुमारे 1 किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने चाकाला बाहेर खेचते, आणि या खेचण्याची दिशा प्रत्येक फेऱ्यात पालटत राहते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 40 च्या वेगात तो याच्या चौथ्या भागाइतकाच असतो, म्हणून शहरात त्याची चाहूलही लागत नाही. शिवाय झोपाळ्याला त्याच्या लयीत ढकलले की तो उंच जातो, लय चुकली की जात नाही. गाडीच्या प्रत्येक भागालाही अशी स्वतःची लय असते. धक्क्यांची लय या लयीशी जुळली की कंपन फुगते. या घटनेला विज्ञानात अनुनाद म्हणतात. आरसा ठरावीक फेऱ्यांनाच धूसर होतो आणि वेग वाढवला की पुन्हा स्वच्छ दिसू लागतो, त्याचे कारण हेच आहे.

गाडी नवी आहे म्हणून चाके निर्दोष असतील, असे मानणे धाडसाचे ठरते. कारखान्यातून ग्राहकापर्यंत येताना गाडी ट्रकमधून प्रवास करते, आवारात उभी राहते. बराच काळ एकाच जागी उभ्या राहिलेल्या टायरला खालच्या बाजूने किंचित सपाटी येते. ती बहुधा थोडे अंतर चालल्यावर जाते. टायरमधील हवा कमी किंवा जास्त असू शकते. म्हणून पहिले काम अगदी फुकटचे आहे. सकाळी गाडी थंड असताना हवा मोजावी आणि पुस्तिकेतील आकड्याशी पडताळावी. चाकाचा तोल साधण्यासाठी रिमला चिकटवलेले छोटे वजन गळून पडल्याचा रिकामा ठसा दिसतो का, तेही पाहावे. टायरच्या बाजूवर, रिमच्या कडेलगत एक बारीक गोल रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. एखाद्या ठिकाणी ती आत गेलेली दिसली, तर टायर रिममध्ये नीट बसलेला नाही असे समजावे आणि वजने चिकटवण्यापूर्वी तो नीट बसवून घ्यावा.

यानंतर गाडी मेन स्टँडवर घेऊन, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवावे. रिमजवळ एखादी काडी स्थिर धरली की चाक डावी-उजवीकडे किंवा वर-खाली होते का ते दिसते. अशा रिमला कारागीर 'आऊट' म्हणतात. तारेच्या आऱ्यांची चाके असतील, तर नव्या गाडीत पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये आरे थोडे सैल पडणे नवलाचे नाही. प्रत्येक आऱ्यावर पान्याने हलकेच टिचकी मारली की घट्ट आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो. हँडलचे बॉल रेसर, ज्यांना काही कारागीर कोनसेट म्हणतात, तेही पहिल्या सर्व्हिसच्या वेळी तपासून घ्यावेत. चेन ढिली असते तितकीच अनेकदा ती गरजेपेक्षा अधिक आवळलेलीही असते. चाक फिरवत चेनचा ढिलेपणा चार-पाच ठिकाणी मोजावा. एका जागी ती ताठ आणि दुसऱ्या जागी सैल लागली, तर चेन किंवा चक्र सदोष आहे.

आता इंजिनाकडे वळावे. येथे ग्राहकाला एक अप्रिय सत्य पचवावे लागते. इंजिनाची काही थरथर ही दोष नसून त्याच्या रचनेचाच भाग असते. पिस्टन म्हणजे दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि उलट दिशेने धावतो. एकाच सिलिंडरच्या इंजिनात हा झटका झेलायला समोर दुसरा दट्ट्या नसतो. क्रँकशाफ्टवरच्या प्रतिवजनाने त्याचा काही भागच फेडता येतो. उरलेला भाग फेडण्यासाठी उलट दिशेने फिरणारा तोलदंड बसवतात. भारतात लोकप्रिय असलेल्या रॉयल एनफिल्डच्या 'हिमालयन'मध्ये 2016 साली आणि 'मिटिऑर 350'मध्ये 2020 साली असा तोलदंड आला. त्याआधीच्या 350 च्या बुलेटची धडधड अनेकांना तर तिची ओळखच वाटे. गाडीगणिक अपेक्षा बदलते, ती अशी. म्हणून इंजिनाविषयी तक्रार करण्याआधी त्याच नमुन्याची दुसरी गाडी, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने चालवून पाहावी. दोन्ही सारख्या थरथरत असतील, तर तो त्या गाडीचा स्वभाव आहे. एकच थरथरत असेल, तर इंजिन सांगाड्याला धरून ठेवणारे बोल्ट ठरावीक जोराने आवळले आहेत का, हे पाहायला सांगावे.

प्रवासी मोटारसायकलला आणखी काही गोष्टी चिकटलेल्या असतात: समोरची उंच काच, बाजूच्या पेट्या, मागची मोठी पेटी. काचेच्या वरच्या कडेवरून फुटलेला वारा हेल्मेटवर आदळतो आणि डोके डुलू लागते. चालकाला वाटते की गाडीच हलते आहे. थोडे खाली वाकताच ते थांबले, तर दोष वाऱ्याचा आहे. रस्ताही आपली भर घालतो. काँक्रीटच्या रस्त्यावर ठरावीक अंतरावर येणारे सांधे एका लयीत धक्के देतात. डांबरी रस्ता लागताच ते थांबतात. सामानाचे प्रकरण याहून गंभीर आहे. मागे लादलेल्या ओझ्याने पुढचे चाक हलके होते आणि गाडी मागच्या बाजूने झुलू शकते किंवा वेग उतरताना हँडल फडफडू शकते. अशा वेळी जोराने ब्रेक मारू नये, हँडलशी झुंजू नये, हातही सोडू नयेत. हँडल नीट धरून थ्रॉटल हळूहळू कमी करावा आणि रस्त्याच्या कडेला थांबून ओझे पुन्हा बांधावे. ही खूण एकदा दिसल्यावर कारण सापडेपर्यंत वेग वाढवणे जिवावर बेतू शकते.

इतका शोध घेतल्यावर तक्रार लिहावी, आणि ती लिहूनच द्यावी. सेवाकेंद्राच्या जॉब कार्डावर बहुधा एकच इंग्रजी शब्द उतरतो. त्याऐवजी पुढील मजकूर पाहावा: "गाडी 1,240 किलोमीटर चालली आहे. ताशी 70 ते 80 या वेगात हँडल डावी-उजवीकडे थरथरते. 60 च्या खाली जाणवत नाही. चौथ्या आणि पाचव्या गिअरमध्ये थरथर सारखीच असते. क्लच दाबला तरी थांबत नाही. डांबरी व काँक्रीट, दोन्ही रस्त्यांवर होते. सामान किंवा मागे दुसरी व्यक्ती नव्हती. हवा सकाळी थंड टायरमध्ये मोजली होती." यात एकही अवघड शब्द नाही आणि एकही तर्क नाही. 'बेअरिंग गेले असावे' हे मत झाले, ते कारागिरावर सोडावे. हा मजकूर वाचणाऱ्या जाणत्या कारागिराचा हात इंजिनाकडे न जाता थेट पुढच्या चाकाकडे जाईल. 'सगळं ठीक आहे' असे उत्तर देणेही मग तितके सोपे राहत नाही. तो स्वतः गाडी महामार्गावर त्या वेगाने चालवून पाहील, असा आग्रह धरावा. तक्रारीची प्रत पोच घेऊन स्वतःजवळ ठेवावी.

हमीच्या काळात वारंवार सांगूनही दाद मिळाली नाही, तर हीच प्रत उपयोगी पडते. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यानुसार गाडी कोठेही घेतलेली असली, तरी ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. नोकरीनिमित्त गाव बदलणाऱ्यांना ही तरतूद विशेष सोयीची आहे. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला घेता येतो.

दुरुस्ती झाल्यावर गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, त्याच गिअरमध्ये चालवून पाहावी. दुरुस्तीत एका वेळी एकच बदल केलेला बरा. चाकाचा तोल, चेन आणि बोल्ट हे सगळे एकाच दिवशी बदलले, तर नेमक्या कोणत्या बदलाने गुण आला हे कोणालाच कळत नाही. तोलाची वजने चिकटवली असतील, तर त्यांच्या दोन्ही टोकांशी रिमवर रंगाने खूण करून घ्यावी. पुढे कधी तीच थरथर परतली, तर वजन जागेवर आहे की गळून पडले आहे, हे रस्त्याच्या कडेला थांबून नुसते वाकून पाहिले तरी कळते.