फोटोतल्या बाईचं नाव काय?

भोरचा राजवाडा सिनेमावाल्यांच्या चांगला ओळखीचा आहे. जमीनदाराची हवेली हवी, संस्थानिकाचा दरबार हवा, की नीरेकाठच्या पंतसचिवांच्या या एकोणिसाव्या शतकातल्या वाड्यात ट्रक येऊन लागतात. चौक, सागवानी खांब, कमानी, सगळं तयारच असतं. चित्रीकरण उरकलं की मंडळी पुण्याला परततात. वाड्याच्या पश्चिमेला हिरडस मावळ आहे, वेळवंड खोरं आहे, त्यापलीकडे वेल्ह्याचं गुंजण मावळ आणि कानद खोरं. तिथं कॅमेरा जातो तो बहुधा तोरणा, राजगड आणि पावसाळी धबधब्यांसाठी. भात लावणारी बाई चौकटीत आलीच, तर हिरव्या रंगावर लाल ठिपका म्हणून.

कष्टकऱ्यांचं जगणं कलेत आहे तसं मांडायचं, त्यामागची व्यवस्थाही दाखवायची, या भूमिकेला सामाजिक वास्तववाद म्हणतात. त्याचा इतिहास सांगताना बहुतेक जण फ्रान्सपासून सुरुवात करतात. गुस्ताव्ह कुर्बे या चित्रकारानं 1849 साली रस्त्यावर खडी फोडणारे दोन मजूर रंगवले. राजेरजवाडे आणि देवदेवतांनाच मोठा कॅनव्हास देण्याच्या काळात मजुरांना तो मिळाला, म्हणून गहजब झाला. पण त्या चित्रात दोघांचेही चेहरे नीट दिसत नाहीत. एकाचा टोपीच्या सावलीत आहे, दुसरा पाठमोरा. फाटका सदरा दिसतो, माणूस ओळखता येत नाही. ही गोष्ट लहान नाही. पुढच्या काळात हा प्रवाह जगभर पसरला, तेव्हाही तो या खाचेत वारंवार अडकला.

सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतलं. मार्च 1936 मध्ये डोरोथिया लँग या छायाचित्रकर्तीनं कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथं शेतमजुरांच्या तळावर एका बाईचे फोटो काढले. सरकारी खात्यासाठीच ती फिरत होती. कपाळावर आठ्या, गालाशी टेकवलेला हात, दोन्ही खांद्यांआड तोंड लपवलेली मुलं. तो फोटो मंदीच्या काळाचं बोधचिन्ह ठरला, पुस्तकांत आला, टपाल तिकिटावर आला. लँगनं बाईचं वय टिपलं होतं, 32. नाव विचारलं नव्हतं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं ते 1978 मध्ये, आणि तेव्हा बाईंनी सांगितलं, या फोटोतून मला काहीच मिळालं नाही.

आपल्याकडेही सामाजिक वास्तववादाची परंपरा जुनी आहे आणि अभिमान वाटावा अशी आहे. भोरकडे जाताना लागणाऱ्या कात्रजच्या जुन्या बोगद्याचं काम जोतीराव फुल्यांच्या कंपनीनं केल्याची नोंद आहे. मजूर, मुकादम, अंमलदार यांचे व्यवहार या माणसानं जवळून पाहिले होते, आणि 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुणब्याच्या घरातलं फाटकं अंथरूणसुद्धा मोजलेलं आहे, ते उगीच नाही. त्याआधी 1855 मध्येच त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून तिचं घर कसं धुऊन नेतो, याचं. दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं. मराठी वास्तववादी रंगभूमीचा जन्म असा नकारातच झाला. सिनेमात बाबूराव पेंटर यांनी 1925 मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. जमीन सावकाराच्या घशात गेलेला शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो. त्या तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं.

मावळातल्या घरांतून मुंबईच्या गिरण्या-गोदीकडे आणि पुण्यात हमालीला गेलेल्यांना ही कथा नवी नव्हती. मात्र मराठी कादंबरीनं मावळाला दिलेला लाडका नायक उलट्या वाटेनं चालतो. गो. नी. दांडेकरांचा ‘माचीवरला बुधा’ मुंबई सोडून राजमाचीवर परततो आणि झाडापाखरांत रमतो. पुस्तक सुंदर आहे, डोंगर त्यात श्वास घेतो. पण खरी रहदारी त्या काळी माचीवरून खाली होती, आणि मागे उरलेल्या बाईनं नाचणी-वरईवर घर कसं ओढलं, हा बुधाचा प्रश्नच नाही. मला गोनीदा वाचताना नेहमी वाटतं, ते डोंगरातल्या माणसावर इतकं प्रेम करतात की त्याचं कर्ज त्यांना दिसत नाही.

याच डोंगरात धरणं आली. भोरमध्ये भाटघर, पुढे नीरा-देवघर. वेल्ह्यात पानशेत, नंतर गुंजवणी. धरणग्रस्तांचं पुनर्वसन कसं फसतं, ते विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’ या कादंबरीनं 1991 मध्ये मांडलं आणि पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फोटोंची तऱ्हा निराळी. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटून आलेला पूर पुण्यानं फोटोंतून जपला: चिखलानं भरलेल्या पेठा, वाहून गेलेला संसार. ज्यांची भातखाचरं त्या धरणासाठी गेली, ती माणसं त्या आठवणीत क्वचितच असतात. पानशेत म्हटलं की पुणेकराला पूर आठवतो, गाव आठवत नाही.

मग या डोंगराचं वास्तव कुणी मांडलं? माझं उत्तर: जात्यावर बसलेल्या बायकांनी.

वेल्ह्याची उत्तरेकडची शीव मुळशीला लागते. पुण्याच्या पश्चिमेच्या या डोंगरपट्ट्यात गरीब डोंगरी संघटनेचं काम चालू होतं. त्याच्याशी जोडलेले हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात रुजलेले गी प्वातवाँ बायकांच्या बैठका घेत. रेशन, पाणी, नवऱ्याची मारझोड यांवर बोलता बोलता बायका ओव्यांकडे वळू लागल्या. भाषणात जे अडखळत होतं ते ओवीत सरळ येत होतं. मुळशीतल्या नांदगाव, कोळवडे अशा गावांतून सुरू झालेलं हे टिपण वीसेक वर्षं चाललं आणि राज्यभर पसरलं. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गायिका, एक लाख दहा हजारांच्या आसपास ओव्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बर्नार्ड बेल या संगीत अभ्यासकानं त्यांचं संगणकीय कोठार रचलं आणि शेकडो बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. प्वातवाँ 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये. पुढे हा ठेवा ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं आपल्याकडे घेतला.

हे घडलं कसं, ते समजायला जात्यावर बसायला हवं. पहाटे घर निजलेलं असतं. एक बाई वैरण घालते, दोघी मिळून खुंटा ओढतात. एक ओळ उचलते, दुसरी तिला साथ देते किंवा आपली जोडते. घरघरीत शब्द दडतात, त्यामुळे सासूला ऐकू गेलं तरी कुणाला उद्देशून आहे ते सांगता येत नाही. दळणाला दोन तास लागतात आणि तेवढा वेळ बाईला अडवायला कुणी येत नाही, कारण पीठ सगळ्यांनाच हवं असतं. एरवी दिवसभरात एवढी मोकळीक तिला कुठली?

आणि विषय तरी कोणते: मुलगी झाली म्हणून पडलेले चेहरे, सवत, चारित्र्यावरचा संशय, सासरी राबलेल्या हाडांचा हिशोब, लांबच्या माहेराची वाट. दलित बायकांच्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकर येतात, घरच्या माणसासारखे. अनेकींनी सीतेचा वनवास गायला आहे आणि त्यात रामाला सूट नाही. पोथीतली सीता सोसते. जात्यावरची सीता तक्रार करते. समीक्षकांची व्याख्या काटेकोर धरली तर यात वास्तववाद बसत नाही, कारण देव आले, कथा आली. माझ्या मते तिथंच व्याख्या तोकडी पडते. सासऱ्याच्या घरात बसून सासऱ्याविरुद्ध बोलायचं असेल तर वनवासातली सीता मधे घ्यावी लागते. तेही त्या वास्तवाचंच अंग आहे.

ओवी म्हणजे न्यायालयातली साक्ष नव्हे, हेही खरं. ठरीव साचे पुष्कळ. तिच्यातला भाऊ जवळजवळ नेहमी दिलदार, त्याच्या घोड्याला चांदीचा साज. बहिणीला जमिनीत वाटा देताना हाच भाऊ काय करतो, ते ओवीत फारसं सापडत नाही. माहेरची एकुलती एक वाट बंद होईल असं कोण गाईल? वास्तव शोधताना गायलेल्याइतकंच गाळलेलंही वाचावं लागतं.

तरीही ज्या मुद्द्यावर लँगचा फोटो उणा पडतो, तिथं हा संग्रह खंबीर उभा आहे. प्रत्येक ओवीखाली गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे, जातही आहे. जातीचा रकाना काहींना खटकतो. मला तो नसता तर खटकला असता, कारण एकाच गावातल्या मराठा आणि बौद्ध बाईची सीता निराळी का, ते त्याशिवाय कळत नाही. राईरकर आणि प्वातवाँ यांनी 1993 मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं, त्याच्या नावातच शेतकरी बायका बोलत्या झाल्याचं सांगितलं आहे. लेखकांनी त्यांच्या वतीनं बोलण्याची भाषा तिथं नाही.

विजेची गिरणी आली आणि पहाटेचं दळण संपलं, ही बायकांच्या दृष्टीनं सुटकाच होती; खांदे दुखणं थांबलं. हळहळ आपल्याला वाटते, त्यांना नाही. आता ओवी निघते ती लग्नाआधी हळद दळताना, नाहीतर कुणी टिपायला आलं तर. वेल्हे-भोरच्या एखाद्या घरात म्हाताऱ्या आजी असतील आणि जातं अजून ओसरीवर असेल, तर फोन बाजूला ठेवून आधी ऐकावं. मग रेकॉर्डिंग सुरू करताना आजीला तिचं पूर्ण नाव सांगायला लावावं, सासरचं आणि माहेरचंही.