दहावा माणूस

परवा गणेशगुडीला काळी नदीच्या काठावर उभा होतो. राफ्ट निघाली. मागची बाजू दबलेली, नाक वर. डोकी मोजली, बारा! आमच्या वेळी तेवढ्याच राफ्टमध्ये गाइड धरून नऊ जण बसत.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात उरकतो. सुपा धरणाचं काम 1974 ला सुरू झालं, 1987 ला संपलं. काळी-पांढरीच्या संगमावरचं जुनं सुपा बुडालं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. त्यावर वडिलांच्या पिढीनं पुरेसं रडून घेतलंय. पुढची काही वर्षं मी गुंद गावी घरच्या बागेत सुपारी सोलली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग 2000 नंतरची दहा वर्षं राफ्टवर गाइड होतो. धरणाखालच्या वीजघरात 50 मेगावॅटची दोन जनित्रं. ती फिरली की नदीला पाणी, थांबली की खडक उघडे. खडकावरची ओली रेघ बघून आम्ही दिवस ठरवायचो. पण खरं काम काठावर, माणसं बसवण्याचं. दणकट वल्हेकरी पुढे, कारण नाक हलकं राहिलं तर लाट राफ्टला उभी करते. जड नवरा डावीकडे तर तेवढाच जड कुणी उजवीकडे. बेळगावचे एक शेठ बायकोशेजारून हलेचनात. ‘‘शेठ, नदीत मी सांगतो, घरी वहिनी,’’ म्हटलं तेव्हा उठले. पुढे राफ्ट आडवी होऊन खडकाला चिकटली, वरचं पाणी आत चढायला लागलं. मी ‘हाय साइड’ ओरडलो आणि खडकाकडच्या बाजूवर पहिली उडी शेठनीच टाकली. राफ्ट सुटली.

हल्ली नातू मोबाइलवर वेकबोर्डिंग दाखवतो. बोटीत पाण्याच्या पिशव्या भरून शेपूट मुद्दाम जड करतात, ताशी तीसेक किलोमीटरचा वेग इकडचा तिकडे होऊ देत नाहीत. तेव्हा कुठे मागच्या फळीवरच्या पोराला उडायला लाट मिळते. तिथे चालवणारा एकेक किलो तोलून बघतो. इथे वजन ठरवतो तिकीट फाडणारा.

मी सोडलं तेही त्यावरूनच. मालक म्हणाला, दहावा घे, पाहुणा आहे. मी वल्हं त्याच्या जीपच्या टपावर ठेवलं आणि गुंदची बस धरली.

परवाच्या राफ्टवरच्या गाइड पोराला विचारलं, ‘‘बारा कसे रे घेतलेस?’’

‘‘काका, तुमच्याकडे सुपारीची बाग होती,’’ तो म्हणाला आणि पुढच्या खेपेची जॅकेटं मोजायला लागला.