चाक बदलायचंय? जॅक लावायला शिका!

आता पुष्कळ घरांतून गृहिणीच गाडी चालवताना दिसते. मुलांना क्लासला सोडायचं, सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं, महिन्याचा किराणा आणायचा, ही सगळी कामं ती सहज उरकते. पण वाटेत चाक बसलं, की मात्र तिचा सगळा धीरच बसतो! ‘ह्यांना’ फोन लावायचा, नाहीतर येणाऱ्याजाणाऱ्याकडे आशेनं पाहायचं, एवढंच तिच्या हाती उरतं.

मैत्रिणींनो, चाक बदलायला आपण समजतो तेवढी ताकद लागत नाही. ताकदीचं काम जॅक करतो. आपल्याला हवा तो फक्त क्रम, आणि तो न मोडण्याची शिस्त. स्वयंपाकात क्रम चुकला तर फार तर पोळी फुटते. इथे क्रम चुकला तर काही शे किलोंचं लोखंड हातापायावर येतं. म्हणून हा विषय हसण्यावारी नेऊ नका.

आधी डिकी उघडून पाहा

जादा चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. हे नाव थेट वेल्समधून आलेलं आहे, बरं का! तिथल्या लानेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावरच्या एका दुकानानं १९०४ मध्ये मोटारीसाठी जादा चाक तयार केलं. रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं आणि आपल्याकडे कायमचं रुळलं.

पण तुमच्या गाडीत स्टेपनी आहे का, हे एकदा खात्री करून घ्या. २०२० मध्ये नियम बदलल्यापासून ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच असलेल्या लहान गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिलेली नाही. सीएनजीच्या गाडीत ती टाकीच्या आड असू शकते. काही गाड्यांत ती इतर चाकांपेक्षा बारीक असते. अशा चाकावर वेगाची मर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर. ते चाक फक्त दुकानापर्यंत पोचण्यापुरतं.

पेट्रोल पंपावर चार चाकांत हवा भरताना पाचव्याची आठवण कोणालाच राहत नाही. मग ऐन वेळी स्टेपनीच बसलेली निघते! महिन्यातून एकदा तिचीही हवा पाहून घ्या. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. जुनी गाडी विकत घेतली असेल, तर जॅक, त्याचा दांडा आणि नट सोडवायचा पाना जागेवर आहे ना, हेही पाहा. अलॉय व्हीलच्या नटांना कुलूप असेल, तर त्याची किल्लीही हाताशी हवी.

जॅक कोणता घ्यावा?

गाडीबरोबर मिळालेला जॅक शाबूत असेल, तर तोच उत्तम. तो त्या गाडीच्या मापाचा असतो. नवा घ्यायची वेळ आली, तर तीन प्रकार समोर येतील.

पहिला स्क्रूचा जॅक. उघडला की शंकरपाळ्याच्या आकाराचा दिसतो. दांडा फिरवला की तो वर चढतो. हा हलका, स्वस्त, आणि मुख्य म्हणजे स्क्रूच्या आट्यांमुळे आपोआप खाली उतरत नाही. सुरुवातीला, तो दबलेला असताना, फिरवायला जड लागतो. पुढे हलका होत जातो. म्हणून पहिल्या चार फेऱ्यांनीच हिरमुसू नका.

दुसरा तेलाच्या दाबावर चालणारा, बाटलीसारखा उभा जॅक. ह्याला ताकद फार कमी लागते. पण तो मुळात उंच असतो, त्यामुळे बुटक्या गाडीखाली शिरतच नाही. तो आडवा पडला तर तेल गळू शकतं, आणि आतली सील खराब झाली तर उचललेली गाडी हळूहळू खाली येऊ शकते. उंच, जीपसारख्या गाडीला तो बरा.

तिसरा चाकांवर सरकणारा, गॅरेजमधला. तो वापरायला सोपा, पण जड. घरच्या अंगणात ठीक, डिकीत बाळगायला नको.

घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, वजन. आर.सी.वर गाडीचं रिकामं वजन लिहिलेलं असतं. छोट्या गाडीचं ७०० ते ९०० किलो, तर मोठीचं दीड-दोन टनही भरतं. जॅक एकच कोपरा उचलतो हे खरं, तरी काटकसर इथे करू नये. छोट्या गाडीला १ टनाचा, मोठीला २ टनांचा किंवा त्याहून वरचा घ्यावा. दुसरी, उंची. चाक बसलं की गाडी खाली येते, तेव्हा जॅक तिच्याखाली शिरला पाहिजे. आणि फुगलेल्या चाकाला बसलेल्या चाकापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो पुरेसा वरही चढला पाहिजे. तिसरी, बूड. ते रुंद हवं, आणि वरची खाच तुमच्या गाडीच्या कडेला बसणारी हवी.

ह्याबरोबर डिकीत एक जाड फळी ठेवा, फूटभर लांब-रुंद. पावसाळ्यात कडेची माती भुसभुशीत होते, तेव्हा जॅकखाली ती घालता येते. वीट मात्र कधी घालू नका. ती वजनानं फुटते. शिवाय हातमोजे, बॅटरी, जुनी चादर आणि लाल त्रिकोण हवाच.

रस्त्यावर काय करावं?

चाक बसल्याचं लक्षात आलं की जोरात ब्रेक मारू नका. वेग कमी करत गाडी कडेला घ्या. जागा सपाट आणि टणक हवी. उतारावर, वळणावर किंवा पुलावर थांबू नका. त्यासाठी बसलेल्या चाकावर थोडं हळूहळू जावं लागलं तरी चालेल. टायर खराब होईल, होऊ द्या. टायर पैशांनी मिळतो.

आता पुढला क्रम असा ठेवा :

१. चारही इंडिकेटर एकदम लागतील असं बटण दाबा. हँडब्रेक ओढा. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’वर. इंजिन बंद करा.

२. सगळ्यांना उतरवा आणि रस्त्यापासून लांब उभं करा. लहान मुलांना कोणाच्या तरी हाताला द्या. त्रिकोण गाडीच्या मागे निदान ५० पावलांवर ठेवा, महामार्गावर आणखी लांब.

३. पदर किंवा ओढणी खोचून घ्या, केस बांधा, बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा.

४. तिरक्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. का, ते सांगते. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागची चाकं धरतो, आणि छोट्या गाड्यांत गिअर पुढची. ज्या बाजूचं चाक उचलाल, तिथली पकड सुटते. म्हणून पुढचं डावं चाक बदलायचं असेल, तर मागच्या उजव्याला दगड.

५. गाडी उचलण्याआधी सगळे नट अर्धा फेरा सैल करा. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं. आधी गाडी उचलून मग नटाशी झटापट केली, तर चाक गरगर फिरतं आणि हिसक्यानं गाडी जॅकवरून घसरू शकते.

६. जॅक लावायची जागा ठरलेली असते. पुढच्या चाकाच्या जरा मागे आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे, दाराखालच्या पत्र्याच्या कडेला खुणा असतात. पुस्तिकेत चित्र असतं. दुसरीकडे लावलात तर पत्रा चेपतो. विजेवरच्या गाडीत बॅटरी तळाशीच असते, म्हणून तिथे तर अंदाजानं जॅक लावूच नये.

७. चाक जमिनीपासून सुटेपर्यंत गाडी उचला. स्टेपनी आडवी करून जॅकजवळ गाडीच्या कडेखाली सरकवा. जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर टेकेल.

८. नट काढून एका डब्यात ठेवा. चाक काढा, स्टेपनी बाहेर घ्या आणि तिच्या जागी जुनं चाक सरकवा. स्टेपनी चढवून नटाची निमुळती बाजू चाकाकडे ठेवून हातानं बसवा.

९. खालचं चाक काढून गाडी खाली घ्या. मग नट आवळा, पण एकाशेजारी एक नव्हे. एक झाला की त्याच्या समोरचा. अशानं चाक सरळ बसतं. पुढे साधारण ५० किलोमीटरवर नट पुन्हा तपासा.

गाडी जॅकवर असताना अंग, हात किंवा डोकं तिच्याखाली घालू नका. एखादा नट घरंगळत गेला तरीसुद्धा! तो काठीनं ओढा. इंजिनही सुरू करू नका.

आणि एक. द्रुतगती मार्गावर, अंधारात, निर्जन जागी किंवा सोबत तान्हं मूल असताना चाक बदलण्याचा हट्ट धरू नये. कठड्याच्या पलीकडे सुरक्षित उभं राहून मदत मागवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, आणि कुठेही संकटात ११२. काम येत असूनही ते कधी करू नये हे कळणं, ह्यातही शहाणपण आहे.

टायरच्या दुकानात नट मशीननं इतके घट्ट आवळतात, की नंतर आपल्याला हलत नाहीत. ‘शेवटचे हातानं आवळा’ असं तिथे सांगत जा. आणि पंक्चर झालेलं चाक त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. स्टेपनीला स्टेपनी नसते!

येत्या रविवारी सकाळी गाडी अंगणात घ्या आणि एक चाक काढून परत बसवा. घरच्या मंडळींना शेजारी उभं करा, पण हात मागे बांधून! पहिल्या वेळी तास लागेल, तिसऱ्या वेळी अर्ध्या तासात व्हाल मोकळ्या. मुलगी मोठी असेल, तर तिलाही मदतीला घ्या. उद्या तीही एकटी गाडी चालवणारच आहे.