बॅटरीवरील खुणा : अर्थ आणि आपले कर्तव्य

विजेरीतील सेल, मोबाईलची बॅटरी, ट्रॅक्टरची किंवा इन्व्हर्टरची जड बॅटरी यांच्यावर काही लहान खुणा छापलेल्या असतात. त्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः वापर संपल्यावर त्या वस्तूचे काय करावे, हेच या खुणा सांगत असतात.

त्यांतील प्रमुख खूण म्हणजे चाकांच्या कचरापेटीवर मारलेली फुली. ही वस्तू घरच्या इतर कचऱ्यात टाकू नये, असा तिचा अर्थ होय. केंद्र शासनाच्या २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ही खूण छापण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. बॅटरीत वजनाच्या ०.००४ टक्क्यांहून अधिक शिसे असल्यास 'पीबी' आणि ०.००२ टक्क्यांहून अधिक कॅडमियम असल्यास 'सीडी' ही रोमन अक्षरे छापावी लागतात. 'पीबी' हे शिशाच्या 'प्लंबम' या लॅटिन नावाचे संक्षिप्त रूप आहे.

एकामागून एक फिरणाऱ्या तीन बाणांची खूण १९७० साली गॅरी अँडरसन या अमेरिकन विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी रेखाटली. ती पुनर्वापराची निदर्शक आहे. मात्र प्लास्टिकच्या वस्तूवर बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ पैकी एखादा अंक असल्यास तो केवळ प्लास्टिकचा प्रकार दर्शवितो. त्या वस्तूचा पुनर्वापर होईलच, अशी हमी तो देत नाही.

या खुणांकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. शिशाची बॅटरी अंगणात फोडली, तर आम्ल व शिसे मातीत मिसळते. शिसे कुजत नाही, नाहीसे होत नाही. धुळीवाटे ते मुलांच्या पोटात जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीस कायमची हानी पोहोचविते. लिथियमची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत दबली, तर पेट घेऊ शकते.

वापरलेली बॅटरी वेगळी ठेवणे आणि ती गोळा करणाऱ्या वा तिच्यावर पुनर्प्रक्रिया करणाऱ्या संस्थेकडे सोपविणे, हे नियमांनुसार ग्राहकाचे कर्तव्य आहे. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे परत द्यावी. ती घरी फोडू अथवा जाळू नये. ग्रामपंचायतींनी यासाठी स्वतंत्र डबा ठेवावा. शिक्षकांनी या खुणा फळ्यावर काढून दाखविल्यास त्यांचा अर्थ विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी सहज पोहोचेल.