तळ्यावरील रात्रीचा पहारा

शेततळ्यांत रोहू, कटला, मृगळ वाढविणाऱ्या बांधवांस एक अनुभव कधीं ना कधीं येतोच. सायंकाळीं उत्साहानें खाद्य खाणारे मासे पहाटे पृष्ठभागीं तोंडें उघडून धापा टाकीत असतात, आणि सूर्य वर येईतों कित्येक मरून तरंगूं लागतात. प्रथम संशय विषप्रयोगाचा येतो; परंतु कारण बहुधा निराळेंच असतें.

पाण्यांतील सूक्ष्म हिरवें शेवाळ दिवसा सूर्यप्रकाशांत प्राणवायु निर्माण करितें. रात्रीं मात्र शेवाळ, मासे व तळाचा गाळ हे सर्वच तो खर्च करितात. म्हणून सूर्योदयापूर्वीं त्याचें प्रमाण सर्वांत कमी असतें; ढगाळ दिवसानंतर तर विशेषच. शिवाय २० अंश सेल्सिअसच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ९ मिलिग्राम प्राणवायु विरघळूं शकतो, तर ३० अंशांस सुमारें साडेसातच. माशांस ५ मिलिग्राम तरी असावा. ३ च्या खालीं उतरल्यास संकट समजावें.

हें प्रमाण डोळ्यांस दिसत नाहीं, आणि रोज उत्तररात्रीं उठून तें मोजणें कोणास साधणार? तें काम आतां सेन्सर करितात. पाण्यांत बुडविलेली शलाका प्राणवायु व उष्णतामान मोजून दर कांहीं मिनिटांनीं आंकडा मोबाइलवर धाडिते. ठरविलेल्या मर्यादेखालीं तो जातांच इशारा मिळतो. तशी जोडणी असल्यास पाणी घुसळणारें एरेटर यंत्र आपोआप सुरू होतें.

तथापि यंत्रावर आंधळा भरंवसा ठेवूं नये. शलाकेवर बुळबुळीत थर चढला कीं आंकडा खोटा येतो. यास्तव ती आठवड्यांतून एकदां तरी मऊ फडक्यानें पुसावी व उत्पादकाच्या सूचनेप्रमाणें माप पडताळावें. इशारा आला, पण वीज नाहीं, तर उपयोग काय? एरेटरास जनित्राची सोय आधींच करावी. मोबाइलची रेंज नसेल तेथें तळ्याकाठीं भोंगा बसवावा. खर्च झेपत नसल्यास दोघांतिघांनीं मिळून हातांत धरावयाचा मापक घ्यावा, आणि निदान ढगाळ दिवसानंतर पहाटे मोजून पाहावें.

महसूल खात्यांत असतां आम्ही नुकसानीचे पंचनामे पुष्कळ लिहिले. पंचनामा झालेल्या हानीचा असतो; तो कितीहि अचूक असला तरी मेलेला मासा जिवंत होत नाहीं. सेन्सरचा आंकडा हानीपूर्वीं येतो, हेंच त्याचें मोल. मात्र तो वाचून अंथरुणांतून उठणारा माणूस घरांत असला पाहिजे.